तळ दाखवणारं यंत्र आणि गटाचे पैसे

 

दर वेळी आपण पापड, कोकम, काजूगर, शिवणकाम याबद्दल बोलतो. आज बोलायचंय ते बोटीच्या तळाला बसवलेल्या मुठीएवढ्या यंत्राबद्दल. तुम्ही म्हणाल, हा पुरुषांचा विषय. आम्हीही तसंच समजत होतो आणि तिथेच फसलो. गटाचे पैसे गेले, गटात भांडण झालं आणि गट मोडायची वेळ आली. ते सगळं आज जसं घडलं तसं सांगतो. आमची चूकही लपवणार नाही.

आम्ही सिंधुदुर्गात खाडीकाठी राहतो. आमच्या गटात बारा जणी आहेत. कुणी मासे विकते, कुणी कालवं काढते, दोघी-तिघी पाहुण्यांसाठी घरगुती खानावळ चालवतात. पाहुणे यायचे, जेवायचे आणि विचारायचे, "खाडीत फिरवून आणायला बोट मिळेल का?" दर वेळी आम्ही दुसऱ्याच्या बोटीचं नाव सांगायचो. मग एका बैठकीत ठरलं की बोट आपणच घ्यायची. बँकेचं कर्ज, गटाची बचत आणि प्रत्येकीचा थोडा हिस्सा घालून एक जुनी फायबरची बोट घेतली. परवाना, सर्व्हे, विमा, लाइफ जॅकेट सगळं रीतसर केलं. बोट चालवायला गटातल्याच एका ताईंचे दीर आले. ते अनुभवी तांडेल, परवानाधारक. दोघी ताई मदतीला बोटीवर जायच्या.

त्या बोटीवर आधीच्या मालकाने बसवलेले दोन जुने डिस्प्ले होते. एकावर पाण्याची खोली दिसायची, दुसऱ्यावर बोटीचा वेग. खोलीचा आकडा कधी दिसायचा, कधी नुसत्या रेघा यायच्या. वेगाच्या डिस्प्लेवर तर कायम शून्यच. विकणारा म्हणाला, "ते जुनं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. मोबाइलवर सगळं दिसतं." आम्ही लक्ष दिलं नाही.

आता आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. दांडा म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांधच. तो एका जागी राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो. मोबाइलचा नकाशा तुम्ही कुठे आहात ते सांगेल, पण त्या ठिकाणी आज तुमच्या खाली पाणी किती आहे ते सांगणार नाही. ते बोटीच्या तळाचं यंत्रच सांगतं.

पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत ओहोटी लागल्यावर बोट दांड्यावर बसली. बोटीत आठ पाहुणे होते, त्यात एक लहान मूल. कुणाला काही इजा झाली नाही, देवाची कृपा. पण पाणी उतरतच होतं, बोट हलेना. शेवटी दुसरी होडी बोलावून पाहुण्यांना उतरवलं. आमची बोट पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. पाहुण्यांचे पैसे परत केले. त्या दिवसापुढच्या दोन फेऱ्याही रद्द झाल्या. संध्याकाळी गटातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, "गो बाय, ह्या यंत्राक दिसणा नाय, तर तांडेलाक कसा दिसतला?"

त्यांचं बरोबर होतं. यंत्र दुरुस्त करायचं ठरलं आणि इथून आमची चूक सुरू झाली.

शहरातल्या एका दुकानदाराने सांगितलं की एवढं जुनं यंत्र दुरुस्त होत नसतं, दोन्ही डिस्प्ले, वायर, सेन्सर सगळंच नवीन घ्या. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून आमच्या पोटात गोळा आला. पंच्याऐंशी हजार. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर एक स्वस्त सेन्सर दाखवला, साडेसहा हजारांचा. चित्रात तो आमच्या सेन्सरसारखाच दिसत होता. सुट्टीचे दिवस, फेऱ्या बुडत होत्या. आम्ही बैठक न घेता, दोघी-तिघींना फोनवर विचारून तो मागवला. समन्वयक म्हणून अडवायची जबाबदारी आमची होती. आम्हीच घाई केली.

सेन्सर आला. त्याचा प्लग आमच्या डिस्प्लेला बसेना. बसवायला आलेल्या माणसाने वायर कापली, जुन्या प्लगला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. डिस्प्लेवर आकडे आले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तेच आकडे दोनाचे बारा आणि बाराचे दोन व्हायला लागले. बोट धक्क्याला बांधलेली असतानाही खोली बदलत होती. तांडेलभावजी म्हणाले, "न दिसणारं यंत्र परवडलं, खोटं सांगणारं नाही." आणि त्यांनी डिस्प्लेवर फडकं टाकलं.

पुढच्या बैठकीत मासे विकणाऱ्या एका ताईंनी इतिवृत्ताची वही उघडली. "ह्यात ठराव खंय आसा? पैसो गटाचो, माझ्या टोपलीतलो. विचारल्याशिवाय खर्च केलोच कसो?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आपला हिस्सा परत मागितला. दुसऱ्या दोघींनीही तीच भाषा काढली. मैत्रिणींनो, रक्कम साडेसहा हजारांची होती, पण गेला होता तो विश्वास.

त्या बैठकीत शेवटी एवढंच ठरलं की यंत्र नक्की काय आहे हे बाराही जणींना कळल्याशिवाय एक रुपया खर्चायचा नाही. आता आम्हाला जे कळलं ते तुम्हाला सांगतो. ते समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

खोली मोजायची जुनी रीत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोरीला वजन बांधायचं, खाली सोडायचं, तळाला लागलं की वाव मोजायचे. दोन्ही हात पसरले की जेवढी दोरी मावते तो एक वाव, सुमारे सहा फूट. मोठ्या जहाजांवर शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावत. तिला चिकटून वर येई ती वाळू आहे की चिखल, त्यावरून खाली कसला तळ आहे तेही कळे.

आजचं यंत्र दोरीऐवजी आवाज सोडतं. बोटीच्या तळाला जो सेन्सर असतो त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याच्या आत चिनीमातीसारख्या पदार्थाची एक खास चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. तो आवाज तळावर आपटून परत आला की चकती पुन्हा थरथरते आणि उलट वीज तयार करते. दाबातून वीज हा स्फटिकांचा गुण १८८० साली पिएर क्यूरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी शोधून काढला. हे पिएर म्हणजे पुढे रेडियम शोधणाऱ्या मारी क्यूरीबाईंचे यजमान. आणि जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली याच तत्त्वावर मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं. आज आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवर जो फिशफाइंडर असतो, तो त्याच घराण्यातला.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. पंधरा मीटर खोल पाण्यात त्याचं जाणं-येणं मिळून तीस मीटर झालं. म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो परत आला. डिस्प्ले हा वेळ मोजतो, त्याचा निम्मा हिशोब करतो आणि आकडा दाखवतो. बस्स, एवढंच.

गरोदरपणात सोनोग्राफी झालेल्यांना हे लगेच कळेल. डॉक्टर पोटावर फिरवतात ते यंत्रही असाच आवाज सोडतं आणि परत आलेला ऐकतं. आधी पोटावर थंड जेल का लावतात? मध्ये हवा राहिली तर आवाज पुढे जात नाही म्हणून. बोटीचंही तसंच. सेन्सरच्या तोंडासमोर हवेचे बुडबुडे आले, तोंडावर शेवाळ, कालवं किंवा रंगाचे जाड थर चढले, की आवाज अडतो आणि डिस्प्लेवर रेघा येतात.

आता आमचा स्वस्त सेन्सर का चालला नाही? पहिलं कारण सुराचं. प्रत्येक सेन्सरची चकती ठरावीक सुरात थरथरते. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकू येतं. हे सूर त्याच्या फार वरचे. कुठला पन्नास हजार कंपनांचा, कुठला एक लाख सत्तर हजारांचा, कुठला दोन लाखांचा. त्याला पन्नास, एकशे सत्तर, दोनशे किलोहर्ट्झ म्हणतात. खालचा सूर खोल पाण्यात लांब जातो, वरचा सूर उथळ पाण्यात बारकाईने दाखवतो. आमचा जुना डिस्प्ले एकशे सत्तरचा आणि आम्ही आणलेला सेन्सर दोनशेचा. भजनात पेटी काळी दोनला आणि पखवाज काळी चारला लावला तर काय होईल? आवाज दोन्हीचा येईल, पण मेळ बसणार नाही. आमचंही तेच झालं.

दुसरं कारण वायरचं. तळावरून परत येणारा आवाज इतका क्षीण असतो की त्याची वीजही अगदी नाजूक असते. म्हणून त्या वायरवर बारीक जाळीचं कवच असतं. वायर कापून नुसती पिळून जोडली की ते कवच तुटतं. इंजिनच्या वायरी शेजारून गेलेल्या असल्या की त्यांचा गोंगाट आत शिरतो. शिवाय खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं. कंपनीचा वायरमधला जोड सोडला तर ही वायर कापायची नाही. जास्त लांब असेल तर गुंडाळून बांधून ठेवायची.

तिसरी गोष्ट आम्हाला नंतर कळली. नवीन सेन्सरांपैकी बरेच 'शिकलेले' असतात. खोलीचा हिशोब ते आतच करतात आणि डिस्प्लेला तयार आकडा पाठवतात. जुने डिस्प्ले मात्र कच्ची वीज घेऊन हिशोब स्वतः करतात. जुन्या डिस्प्लेला शिकलेला सेन्सर जोडला तर त्याची भाषा त्याला कळत नाही. जुन्या सेन्सरची वीज नव्या डिस्प्लेच्या भाषेत करून देणारी छोटी पेटी मिळते, पण आमचा प्रश्न उलटा होता. आमचा डिस्प्ले जुना आणि सेन्सर बिघडलेला. म्हणून आम्हाला जुन्या पद्धतीचाच सेन्सर हवा होता.

हे सगळं समजून घ्यायला आम्हाला पावसाळ्यापर्यंत वेळ लागला. तोवर दांड्याजवळ एक ताई बोटीच्या नाळेवर उभी राहून खुणा केलेल्या काठीने खोली सांगायची आणि फेऱ्या भरतीच्या वेळेतच ठेवायच्या असा नियम केला. फेऱ्या कमी झाल्या, पण बोट पुन्हा बसली नाही.

मे महिन्याच्या शेवटी बोट वर ओढली, शाकारली. तळ पहिल्यांदाच नीट पाहिला तेव्हा आम्ही सगळ्या जमलो होतो. वेग मोजणाऱ्या सेन्सरला एक इवलंसं चाक असतं. पाण्याने ते फिरतं. त्याच्या पात्यांत लोहचुंबक असतात, प्रत्येक फेऱ्याला आतला सेन्सर ठोका मोजतो आणि ठोक्यांवरून वेग काढतो. आमच्या चाकात बारीक कालवं आणि चिखल अडकून ते दगडासारखं झालं होतं. मोठ्या काकींनी दात घासायचा जुना ब्रश आणि गोडं पाणी मागवलं. सुईने, ब्रशने तासभर साफ केलं. मग डिस्प्ले चालू करून बोटाने चाक फिरवलं आणि शून्याच्या जागी आकडा आला! दुकानदार जो बदला म्हणत होता, त्या वेगाच्या सेन्सरला काहीही झालं नव्हतं. त्याचा खर्च झाला एक ब्रश.

खोलीच्या जुन्या सेन्सरचं तसं नव्हतं. त्याच्या तोंडावर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर होते, ते आम्ही हळूच काढले. पण तोंडालाच चीर गेली होती, वायर आत हिरवी पडली होती. तो बदलणं भागच होतं. पण डिस्प्ले तरी चांगला आहे का? नाहीतर पुन्हा पैसे पाण्यात. आणि खोलीचा सेन्सर जमिनीवर तपासता येत नाही, त्याला पाणीच लागतं.

आम्हाला ते आधीच, बोट पाण्यात असतानाच कळलं होतं. पलीकडच्या वाडीतल्या एका नाखव्याकडे आमच्यासारखाच डिस्प्ले आणि चालू सेन्सर होता. त्यांनी तो एका दुपारपुरता दिला. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं, त्यात सेन्सर ठेवला आणि पिशवी बोटीच्या आतून तळाला घट्ट दाबून धरली. मध्ये हवा नाही, खाली भरीव फायबर. आवाज फायबरमधून खाली गेला आणि आमच्या डिस्प्लेवर आकडा आला. दोरी टाकून मोजलं तर जवळपास तेवढंच पाणी. म्हणजे डिस्प्ले चांगला, दोष सेन्सरचा. सगळंच बदलायचा विषय तिथेच संपला. ही युक्ती मात्र फक्त भरीव फायबरच्या तळाला चालते. दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल, किंवा बोटच लाकडी असेल, तर चालत नाही.

मग डिस्प्लेच्या मागचा आणि जुन्या सेन्सरच्या वायरवरचा नंबर उतरवून घेतला, फोटो काढले आणि तीन ठिकाणांहून लेखी दर मागवले. तळाच्या भोकाचं मापही घेतलं. आजकाल बरेच सेन्सर एक्कावन्न मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे दोन इंची भोकात बसतात. जुन्यांची मापं वेगळी असू शकतात आणि एका कंपनीचा सेन्सर दुसरीच्या नळीत बसेलच असं नाही. माप न घेता आणला तर तळाचं भोक वाढवावं लागतं. फायबरवर प्लास्टिकची नळी चालते. लाकडी बोटीत ती बसवू नये, कारण लाकूड फुगतं आणि प्लास्टिक तडकतं. तिथे ब्राँझ लागतं. लोखंडी बोटीत ब्राँझही नको, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात.

आमच्या डिस्प्लेशी जुळणारा, एकशे सत्तरचा, त्याच प्लगचा सेन्सर आणि बसवण्याची मजुरी मिळून बावीस हजार झाले. कुठे पंच्याऐंशी आणि कुठे बावीस! पण या वेळी ठराव झाला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली, बाराही जणींच्या सह्या झाल्या. हिस्सा मागणाऱ्या त्या ताईंनी सही केली, पण म्हणाल्या, "माझी सही यंत्रासाठी आसा. हिशो मागे घेतलंय असा समजा नको." आम्ही तेही इतिवृत्तात लिहून घेतलं.

बसवताना दोन ताई शेजारी उभ्या राहिल्या. सेन्सर पंख्याच्या पुढे, जिथे पाणी बुडबुड्यांशिवाय वाहतं तिथेच ठेवला. कडेला पाण्यात टिकणारा सीलंट भरला. प्लास्टिकची नळी हातानेच आवळली, कारण पान्याने जोर लावला तर चिरते. तोंडावर रंग लावायचाच तर पाण्यात कालवलेला, शेवाळ न धरणारा रंग एकच पातळ हात. थिनरचा रंग प्लास्टिक खातो.

पावसाळ्यानंतर बोट पाण्यात सोडल्यावर लगेच आत उतरून पाहिलं, मग दर तासाला, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. पाण्याचा थेंब नाही. वेगाचं चाक पुढेमागे साफ करायला ते आतून बाहेर काढता येतं, पण बोट पाण्यात असताना काढलं तर भोकातून पाण्याचा फवारा येतो. म्हणून बंद करायचं बूच हातात असल्याशिवाय हात लावायचा नाही. आमचं बूच आता दोरीने तिथेच बांधलेलं आहे.

मग हिशोब जुळवणं. दोरीने मोजलेलं पाणी तीन मीटर, डिस्प्लेवर दोन पूर्णांक सहा. यंत्र खोटं बोलत होतं का? नाही. सेन्सर पाण्याखाली चाळीस सेंटिमीटर आहे आणि यंत्र त्याच्या तोंडापासून मोजतं. हा फरक डिस्प्लेत भरता येतो. आम्ही तो भरला नाही, उलट शेजारी पाटी लावली, 'हे बोटीखालचं पाणी'. तांडेलाला तेच कामाचं आहे.

वेगासाठी एक सागरी मैल, म्हणजे एक हजार आठशे बावन्न मीटर अंतर दोन खुणांमध्ये ठरवलं. जाताना प्रवाहाबरोबर दहा मिनिटं लागली, म्हणजे ताशी सहा मैल. येताना प्रवाहाविरुद्ध पंधरा मिनिटं, म्हणजे चार मैल. इंजिन दोन्ही वेळा सारखंच चालवलं. सहा आणि चारची सरासरी पाच, हा बोटीचा पाण्यातला खरा वेग. डिस्प्ले दोन्ही वेळा चार दाखवत होता. म्हणून त्यात सव्वापट सुधारणा भरली. एकाच बाजूने मोजलं असतं तर प्रवाहाचा वेगही बोटीच्या नावावर गेला असता.

कुणी विचारेल, वेग मोबाइल दाखवतो, मग चाक कशाला? मोबाइल जमिनीवरचा वेग सांगतो, चाक पाण्यातला. चाक सहा दाखवतं आणि मोबाइल चार, याचा अर्थ ओहोटीचा ओढ दोन मैलांचा उलटा आहे. डिझेल किती लागेल आणि परत यायला किती वेळ, हे त्यावरून ठरतं. पण खरं सांगायचं तर चाक नसतं तरी आमचं भागलं असतं. खोलीशिवाय भागलं नसतं. पैसे कमी असतील तेव्हा हा फरक ओळखायला हवा.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे बोट नसेल. पण पिठाची गिरणी असेल, मसाल्याचं मशीन असेल, मासळीसाठी डीप फ्रीजर असेल. तिथेही कुणीतरी म्हणेलच, "जुनं झालं, सगळं बदला." तेव्हा आमच्या गटाने भिंतीवर लावलेले हे प्रश्न आठवा.

बिघाड नक्की कुठल्या भागात आहे आणि तो कसा तपासला? नुसती साफसफाई करून पाहिली का? जुन्या भागाचा नंबर उतरवून घेतला का? नवीन भाग जुन्याशी सुरात, मापात, प्लगमध्ये आणि भाषेत जुळतो का? नाही जुळला तर परत घेणार का, आणि ते लेखी दिलंय का? तीन ठिकाणचे दर आले का? आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न, ठराव झाला का?

गेल्या दिवाळीत आमची बोट दांड्यावरून जाताना आकडा उतरू लागला. तीन, दोन, दीड. तांडेलभावजींनी इंजिन हळू केलं, बोट डावीकडे घेतली, आकडा पुन्हा चढला. पाहुण्यांना काही कळलंही नाही. ते बगळ्यांचे फोटो काढत होते. त्या दिवशी बोटीवर मदतीला होत्या त्या हिस्सा मागणाऱ्या ताईच. घरी येऊन त्यांनी वही मागितली. आम्हाला वाटलं, पुन्हा काही चुकलं. त्यांनी फक्त त्या दिवसाची जमा लिहिली आणि खाली सही केली. हिस्सा अजून त्यांनी परत नेलेला नाही, आणि आम्ही विचारलेलंही नाही.

साडेसहा हजारांचा तो चुकीचा सेन्सर आमच्या बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. नवीन खरेदीचा विषय निघाला की सगळ्या जणी आधी त्याच्याकडे बघतात.

तुमच्याही गटात असं काही घडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. चुका सांगायला लाजू नका. एकीची चूक ऐकून दुसरीचे पैसे वाचतात. आता निरोप घेतो. नमस्कार.